घराला एक तांब्या

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुमच्या हातात पितळेचा तांब्या आहे. त्यात नाचणीची गरम पेज आहे, मूग आणि गूळ घातलेली, वर नारळाचा रस. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही. घर माडांच्या बागेपलीकडे आहे, तिथे चार भावंडे या तांब्याची वाट बघत बसली आहेत. वाटेवर चिटपाखरू नाही. तुम्ही काय कराल?

दहा वर्षांची गंगू तीन घोट प्यायची. तीनच. मग तोंड पुसून चालू लागायची, आणि घर येईपर्यंत तिला त्या तीन घोटांची लाज वाटत राहायची.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालच्या पावसाळ्यातली, मालवणजवळच्या एका वाडीतली. समुद्र बंद, होड्या वर ओढलेल्या. शाळेत दोन मुले प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली, तेव्हा शाळेच्या प्रेमलताबाई घरोघर फिरल्या. कोणी नाचणी दिली, कोणी मूग, कोणी नारळ. रापणीची जाळी ठेवायच्या मांगरात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खोपीत, बायकांनी चूल मांडली. त्याच मांगरात दुसऱ्या टोकाला पुरुष फाटकी जाळी सांधत बसत.

रापण म्हणजे साऱ्या वाडीने मिळून किनाऱ्यावर ओढायचे मोठे जाळे. त्यातल्या मासळीचा घराला एक वाटा, ना कमी ना जास्त. त्यावरून त्या वाडीत कधी तंटा झाला नव्हता. म्हणून पेज वाटायची वेळ आली तेव्हा चूल सांभाळणाऱ्या अक्कांनी न विचारताच घराला एक तांब्या दिला आणि सगळ्यांना ते रास्त वाटले. कोणाच्या घरात किती पोरे आहेत, हे मोजायचे कोणाला सुचलेच नाही. जाळी सांधायला बसणाऱ्या गुरुदासकडे एकच मुलगा होता. त्याच्याकडची उरलेली पेज कोंबड्या खात.

गंगूच्या घरी तिला धरून पाच मुले. सगळ्यांत धाकटा बाळा, दीड वर्षाचा. उन्हाळ्यात तो भिंत धरून उभा राहायचा. आता बसवला तरी कलंडायचा. तो हळूहळू प्यायचा, तोवर मोठी भावंडे तांब्या पुसून घ्यायची.

गंगूने एकदा वडिलांना विचारून पाहिले होते. जयराम सुई खाली न ठेवता म्हणाला होता, "जास्तीचो वाटो मागूचो नाय, गंगू. लोक घराक नावा ठेवतीत."

प्रेमलताबाईंनी वर्गात विचारले, घरी पुरते ना गं? गंगूने होय म्हणून मान हलवली. खरे सांगावे तर बाबांचा शब्द मोडतो. शिवाय बाई विचारतील, तांब्या घरी पोचतो तेव्हा भरलेला असतो का? मग ती काय सांगणार होती? घरी गेली की बाळाचे डोळे तांब्यामागे फिरायचे. मांगरात आली की बाबांची पाठ दिसायची. कुठेच बोलायची सोय नव्हती.

एका सकाळी बाळा रडलाच नाही. नुसता पडून राहिला. गंगूने त्याला काखोटीला मारले आणि मांगरात नेले.

अक्कांनी तांब्या भरला. गंगू दारापर्यंत गेली, परत फिरली आणि चुलीजवळ खाली बसली.

"हयसर कित्याक बसलंस गो?" अक्का म्हणाल्या. "थंड होतली पेज. घराक जा."

"आमी पाच जणां आसव," गंगू जमिनीकडे बघत म्हणाली. "बाळाक काय उरणा नाय. आणि वाटेत मीपण पितंय."

पलीकडे जयरामची सुई थांबली.

"काय रे जयराम," गुरुदास हसत म्हणाला, "तुका आता दोन वाटे होयेत काय?"

दोघे-तिघे हसले. जयरामचे कान लाल झाले. त्याने लेकीकडे पाहिले आणि एकच शब्द उच्चारला, "उठ."

गंगू उठली असती तर तांब्या घरी गेला असता, रोजच्यासारखा.

ती उठली नाही. तिने बाळाला मांडीवर नीट घेतले आणि वडिलांकडे न बघता त्याला घोट घोट पेज पाजली. त्याला वेळ लागला. तिने घाई केली नाही. एक घोटही स्वतः घेतला नाही. बाळाने तोंड फिरवले तेव्हा उरलेली पेज तिने चुलीजवळच्या वाडग्यात ओतली, घरच्या तिघांसाठी.

आणि रिकामा तांब्या परत भरून घ्यायला दोन्ही हातांनी अक्कांपुढे धरला.