बाईंच्या मशीनवरची यादी

ती अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या ग्रंथालयात तंत्रज्ञ होती. वाचणारी माणसं आपापल्या घरी बसून वाचत. ती रोज सकाळी एफटीपीने, म्हणजे इंटरनेटवरून फाइली आणायच्या सोयीने, त्यांच्या कॉम्प्युटरशी जोडणी करायची आणि ‘एलएस’ एवढी दोनच इंग्रजी अक्षरं टाइप करायची. लगेच तिथल्या फाइलींची यादी समोर यायची: नाव, आकार, तारीख, वेळ. नवीन दिसेल ते उतरवून घ्यायचं, की झालं.

त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाई वारल्या, त्याला दीड महिना होत आला होता. तेव्हापासून तिने त्यांच्या मशीनची यादी मागवलीच नव्हती.

“त्यांची जोडणी बंद करून टाक,” साहेब म्हणाले. “काही उतरवायचं राहिलंय का, तेवढं बघ.”

तिने यादी मागवली. एकेचाळीस नव्या फाइली. रोज एक, दुपारी तीन ते साडेतीन. शेवटची कालची.

मशीनचं घड्याळ चुकलं असेल म्हणून तिने ते तपासलं. बरोबर होतं. मग कालची फाइल उतरवली आणि हेडफोन लावला. आत नुसती शांतता. लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. आणि मग, अगदी माइकजवळ, पान उलटलं. थोड्या वेळाने आणखी एक.

तिने बाईंच्या यजमानांना फोन लावला.

“काका, बाईंचं मशीन कोणी चालू करतं का?”

“मीच करतो. रागावू नकोस गं. तीस वर्षं तीन वाजले की या घरात नळसुद्धा सोडायचा नाही, असा नियम. आता आवाज करायला कुणाची ना नाही, पण मला करवतच नाही. म्हणून मशीन लावतो, दार ओढून घेतो, साडेतीनला बंद करतो.”

“तेवढा वेळ तुम्ही आत बसता?”

“छे! रेकॉर्डिंग चालू असताना आत गेलो असतो तर खाऊन टाकलं असतं तिने मला. मी बाहेर पायरीवर असतो.”

“आणि पुस्तक?”

“टेबलावर, उघडं ठेवून गेली तसंच. मी हात लावला नाही. खिडकीही बंदच असते.” ते थांबले. “का गं? ऐकू येतं का काही?”

नाही म्हणणं सोपं होतं. पण जीभ वळेना.

“पान उलटल्याचा आवाज येतो, काका.”

“भराभर की सावकाश?”

“सावकाश.”

“मग आवडलंय तिला ते,” काका म्हणाले.

दुपारी साहेबांनी विचारलं, “केलीस का बंद?”

“त्यांचं पुस्तक व्हायचंय अजून,” ती बोलून गेली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आताही ती रोज ती यादी मागवते, पण सगळ्यात शेवटी, ऑफिसात चार माणसं आल्यावर. रोज एक फाइल वाढलेली असते. हेडफोन तिने त्यानंतर कधीच लावला नाही.