हार्ड डिस्कला विभूती

यंत्रालाही प्राण असतो, हे गेल्या महिन्यात एका बाजाराच्या दिवशी दारव्ह्यात शे-दीडशे साक्षीदारांसमोर सिद्ध झालं. त्यातले बरेचसे साक्षीदार वांगी घ्यायला आले होते.

इम्तियाजच्या व्हिडिओ स्टुडिओत डेटानाथ महाराज अवतरले होते. टेबलावर एक आजारी हार्ड डिस्क. तिच्यात कहकशांभाभींच्या लेकीच्या, जियाच्या लग्नाचा व्हिडिओ होता आणि त्यात भाभींचे नवरे हाफिजभाई बोलत होते. हाफिजभाई मागल्या वर्षी वारले. त्यांचा आवाज आता तेवढाच शिल्लक.

महाराजांनी कॉम्प्युटरला ती फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावली. डिस्क कटकट करत राहिली. लोकांचा चहा पिऊन झाला, तेव्हा कुठे वाचन आटोपलं. मग महाराजांनी डिस्कला विभूती फासली. "मेगाबाइटाय नमः, गिगाबाइटाय स्वाहा! लाव रे परत."

पापणी लवायच्या आत फाइल वाचून झाली.

"बरी झाली!" महाराज म्हणाले. "आता हिच्यातलं काही दुसरीकडे उतरवायचं नाही. उतरवलं की शक्ती गेली."

सगळ्या जातिधर्मांनी एकदमच हात जोडले. राष्ट्रीय एकात्मता इतक्या कमी खर्चात क्वचितच साधते.

पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सुनीती मॅडम मेथीची जुडी घेऊन गर्दीतून पुढे आल्या.

"भाभी, ही डिस्क मरायला टेकली आहे. आजच उतरवून घ्या, नाहीतर काहीच हाती लागणार नाही."

"अविश्वासानंच डिस्क मरते, ताई," महाराज हसले.

"बरं. इम्तियाजभाई, याच डिस्कवरची दुसरी एखादी फाइल वाचायला लावा. बिनमंत्राची."

पुन्हा कटकट, पुन्हा चहा. वाचन संपल्यावर मॅडमनी इम्तियाजच्या खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढली आणि डिस्कवरून ओवाळली. "आता परत लावा."

पापणी लवायच्या आत!

"अबे, खर्रा पावला ना बे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"माझीच शक्ती उरली होती तिच्यात," महाराज म्हणाले.

"शक्ती नाही, मेमरी. एकदा वाचलेलं कॉम्प्युटर मेमरीत धरून ठेवतो. दुसऱ्यांदा मागितलं की तिथूनच देतो, डिस्कला हातही लावत नाही. ही सोय रोज होते, फुकट होते. तुम्ही तिच्यापुढे नुसते बसता आणि श्रेय घेता."

"सिद्ध करा!"

"करते की. मेमरी सोड, थेट डिस्कवरूनच आण, असंही कॉम्प्युटरला सांगता येतं." मॅडमनी एक ओळ टाइप केली. फाइल तीच, लग्नाची. विभूती जागच्या जागी. डिस्क पहिल्यासारखीच कटकटली, मध्ये एकदा अडखळली, पुन्हा रखडत चालू लागली. चहावाला खूश होता.

महाराज उठून उभे राहिले. "उतरवाल तर घरावर संकट येईल, सांगून ठेवतो!"

कहकशांभाभी जागेवरून उठल्या. त्या महाराजांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"संकट मागल्या सालीच येऊन गेलं, बाबा. तवा तुम्ही कुठी होते? मले त्यायचा आवाज पाह्यजे. काहून उतरवू नको? इम्तियाज, उतरव तू. मी बसून राह्यली इथंच."

इम्तियाजनं नवी डिस्क जोडली. बाजार उठेपर्यंत उतरवणं चाललं. महाराज चप्पल शोधायला म्हणून बाहेर गेले ते गेलेच. शेवटी नव्या डिस्कवरून व्हिडिओ लागला. मांडवात उभे हाफिजभाई कोणाला तरी विचारत होते, "जेवले का सगळे?" भाभींनी तेवढंच तीनदा लावायला सांगितलं.

तर मंडळी, चमत्कार पाहून हात जोडायचेच असतील तर खुशाल जोडा. पण आधी एवढं विचारा, की विभूती लावली नसती तर काय झालं असतं? आणि तपासू द्यायला सांगा. जो तपासू देत नाही, वर शापाची भीती घालतो, त्याच्यापुढे मान कायले वाकवायची?

ती डिस्क पुढच्याच आठवड्यात बंद पडली. जुनी होती.