चक्कीच्या घरघरीतून आलेला जानरावांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे. पाण्याचा नव्हे, आवाजाचा. मला हात लावायला याल तर हाती काही लागणार नाही, कारण मी एका वेबपेजवर चार ओळींच्या कोडमध्ये राहतो. गाळणी चहाचा चोथा अडवते, तसा मी नको असलेला जाड आवाज अडवतो. कुठपर्यंत अडवायचं, ते एक आकडा टाकून ठरवतात.

मला प्राजक्ताने घडवलं. ती अमरावतीत वेबसाइट बनवण्याचं काम करायची. तिचे वडील जानराव यांची वलगावात पिठाची चक्की होती, आणि त्यांची थोरली बहीण माणिकबाई अकोल्याला एकटी राहायची. बहीणभाऊ रोज दुपारी फोनवर बोलत. पण हळूहळू माणिकबाईंना कमी ऐकू येऊ लागलं. लोक हसतील म्हणून त्यांनी ते लपवलं. समोरचा काही बोलला, की त्या अंदाजाने 'हो' किंवा 'बरं झालं' म्हणायच्या.

एके दिवशी जानरावांनी चक्कीवरूनच सांगितलं, की आशाला दवाखान्यात भरती केलं. आशाबाई म्हणजे त्यांची बायको. पलीकडून उत्तर आलं, "बरं झालं." जानरावांनी फोन ठेवला तो ठेवलाच. आशाबाई बऱ्या होऊन घरी आल्या, तरी आठ महिने जानरावांनी बहिणीचा फोन उचलला नाही.

पुढे प्राजक्ता अकोल्याला गेली. पाठीमागून तीनदा हाक मारूनही आत्या वळली नाही, तेव्हा तिला सारं उमगलं. वडिलांना मात्र ते पटेना. कानाच्या मशीनचं नाव काढलं, तर आत्या ऐकून घेईना. म्हणून तिने हे पेज बनवलं. जानरावांनी त्यावर बोलून ठेवायचं, मी चक्कीची घरघर गाळायची आणि माणिकबाईंनी हवं तितक्यांदा ऐकायचं.

मुलीच्या आग्रहाखातर जानराव एकदाच बोलले. "बाई, आशा दवाखान्यात होती, अन तू बरं झालं म्हटलं. काहून?"

मी घरघर पार पुसून टाकली. शब्द लख्ख झाले. मला तर फार अभिमान वाटला. प्राजक्ताने अकोल्याला जाऊन तो निरोप आत्याला आपल्या फोनवर ऐकवला, पण माणिकबाईंनी फोन बाजूला सारला. "हा जानराव नाही," त्या म्हणाल्या. "कोनीतरी बँकेचा मानूस बोलून रायला."

मित्रांनो, माझी चूक तेव्हा मला कळली. चक्कीबरोबर मी जानरावांच्या आवाजातला खर्जही कापला होता. राहिला होता तो पत्र्यासारखा पातळ आवाज. प्राजक्ताने तिथेच बसून आकडा थोडा थोडा खाली आणला. चक्की जराशी परतली, आणि तिच्याबरोबर जानरावही परतले. माणिकबाईंनी तो निरोप कानाला लावून चार वेळा ऐकला. शेवटी प्राजक्ताने उत्तराचं बटण दाबून फोन पुढे केला.

"मले ऐकूच नाही आलं रे," त्या म्हणाल्या. "मले ऐकूच येत नाही."

ते उत्तर माझ्यातूनच वलगावला गेलं. ते ऐकायला जानरावांनी गिऱ्हाइकांचे डबे रांगेत असताना चक्की बंद केली. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीने अकोल्याला गेले. भावाने समजावल्यावर माणिकबाई मशीन लावायला तयार झाल्या.

तिथेच माझं काम संपलं. आता ते दोघं पुन्हा रोज फोनवर बोलतात, पण ते बोलणं माझ्या वाटेने जात नाही. प्राजक्ता कामासाठी दुसऱ्या गावी गेली. पेजवर दिवसचे दिवस कोणी येत नाही. गाळायला घरघरही नाही. मागच्या महिन्यात एकदा पेज उघडलं. मी सावरून बसलो. कोणाचं तरी बोट चुकून लागलं असावं, कारण लगेच ते बंद झालं.

माझी तक्रार नाही. एक विनंती मात्र आहे. तुमच्या घरात कोणी भलतंच उत्तर देऊ लागलं, तर रागावण्याआधी त्यांच्यासमोर जाऊन बसा आणि तेच पुन्हा एकदा सांगा. एवढ्याने भागलं, तर तुम्हाला माझी गरज पडणार नाही. तुमच्या घरी माझी गरज पडू नये, असंच मला वाटतं.