एक चप्पल कामावर

मालक दर रविवारी सकाळी आमच्याकडे येत, खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "वहिनी, जरा पाणी मिळेल का?"

मागण्यात तसं वावगं काही नव्हतं. फक्त अंगणातल्या हौदाची मोटर त्यांनीच दुरुस्तीच्या नावाखाली काढून नेली होती, हौदाच्या झाकणाला कुलूप त्यांनीच घातलं होतं, आणि आम्ही घर सोडावं ही इच्छाही त्यांचीच होती. बाकीचे भाडेकरू समजूतदार निघाले. उरलो मी, बायको आणि सासूबाई.

मी कॉलेजात नागरिकांचे हक्क शिकवतो. त्यामुळे घर सोडावं असं माझं मत होतं. पुस्तकांची खोकी मी सुतळीने बांधूनही ठेवली होती. बायको कपडे शिवते. तिचं हक्कांचं शिक्षण झालेलं नसल्यामुळे ती हटून बसली होती.

"पाणी आपल्या पायाखाली आहे," ती म्हणाली, "आणि आपण कोपऱ्यावरच्या नळाला रांग लावतो."

"झाकणाला कुलूप आहे."

"हवेसाठी भोक आहे ना त्याला?"

भोक मुठीएवढं होतं. बादली त्यातून जाणं शक्य नव्हतं, पण बंद पडलेल्या वॉशिंग मशीनची नळी गेली. शनिवारी नळावर न जाता बायको अंगणात ठाण मांडून बसली. माळ्यावरचा सांडपाण्याच्या पाइपचा तुकडा तिने हौदाशेजारी उभा बांधला, त्यासाठी माझ्या खोक्यांची सुतळी न विचारता सोडून घेतली. पाइपच्या बुडाला नळी जोडली आणि तिच्या तोंडावर काचेची गोटी बसवली. वरच्या बाजूला भोक पाडून चहाच्या फुटक्या किटलीची चोच खोचली. आता पाइपच्या आत वरखाली फिरणारा दट्ट्या हवा होता. दांड्यासाठी सासूबाईंनी आपली काठी दिली.

"आई, तुम्ही चालणार कशाच्या आधाराने?" मी विचारलं.

"जायचंय कुठे? आपण इथेच राहतोय ना?"

दट्ट्याची चकती माझ्या डाव्या चपलेतून निघाली. बायकोने ती खडूने आखून कापली, पण हाताच्या सवयीने शिवणीला सोडतात तेवढा कडेला जास्त रबर सोडला. चकती पाइपमध्ये जाऊन जी अडकली ती हलेना. शेवटी बायकोने माझी चप्पल किसणीवर किसली. चकतीला भोकं पाडून वर सायकलच्या ट्यूबचा पडदा लावला. ओढलं की गोटी उचलली जावी आणि पाणी आत यावं, दाबलं की गोटी बसावी आणि पाण्याने पडद्यातून वर चढावं, असा बेत.

काठी ओढली. नुसता घरघर आवाज.

"तुझे बाबा असेच घोरायचे," सासूबाई म्हणाल्या. "निष्पन्न काही नाही."

रविवारी सकाळी बायकोला उमगलं. रबर कोरडं होतं, कडेने हवा जात होती. वरून पाणी ओतून ते भिजवलं तरच दट्ट्या धरणार होता. घरात उरलं होतं तांब्याभर. ते पिण्यासाठी होतं.

"हे वाया गेलं तर?" मी म्हणालो.

"तर तुमची खोकी आहेतच."

एवढ्यात मालक आले. अंगणातली आमची निर्मिती त्यांनी आपादमस्तक न्याहाळली आणि काही न विचारता ते ओट्यावरच्या खुर्चीत बसले. मग माझ्या पायांकडे त्यांचं लक्ष गेलं.

"सर, एकच चप्पल?"

"दुसरी कामावर आहे."

"बरं. वहिनी, जरा पाणी मिळेल का?"

बायकोने तांब्या उचलला. मालकांनी हात पुढे केला. त्यांच्या हातावरून पुढे जाऊन तिने सगळं पाणी पाइपमध्ये ओतलं.

"थांबा," ती म्हणाली. "ताजं काढते."

तिने काठी ओढली. घरघर. पुन्हा ओढली. मालक हसले, आणि खरं सांगायचं तर हसण्यासारखंच होतं. सासूबाई भिंतीला धरून उठल्या, कठड्याचा आधार घेत पायऱ्या उतरल्या आणि काठीला दोन्ही हातांनी लटकल्या. मग बायकोने ओढली तर काठी जड झाली. पाइपमध्ये गोटी वाजली, किटलीची चोच खोकली आणि तिच्यातून पाणी पडलं. आधी गंजकं, मग बऱ्यापैकी पाण्यासारखं.

बायकोने पेला विसळला, भरला आणि मालकांपुढे धरला.

"मला आता तहान नाही," मालक म्हणाले.

"आत्ताच मागितलंत."

"हौद माझा आहे, वहिनी."

"म्हणून तर पहिला पेला तुम्हाला."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी मी घसा खाकरून मधला मार्ग सुचवतो. मी पाइप घट्ट धरून उभा होतो. तो डुगडुगत होता.

अखेर त्यांनी पेला घेतला आणि औषध घेतात तसा संपवला.

"उद्या गवंडी आणून हे भोक बुजवतो," ते उठत म्हणाले.

"आणा," बायको म्हणाली. "ऊन फार आहे, त्यालाही पाणी लागेल. आई, ती मोठी घागर आणि सगळी पातेली काढायला सांग यांना."

"जावईबापू, ऐकलंत ना?"

मी एका पायात चप्पल घालून आत गेलो. घागर खोक्यांच्या मागे होती. ती काढायची तर आधी पुस्तकं कपाटात परत लावणं भाग होतं.