खोपीवरचा पत्ता

तेलवाल्याने ल्युसिएनच्या तळघरातल्या, घर तापवणाऱ्या भट्टीला लाल चिठ्ठी बांधली, तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता. भट्टीला आतून तडा गेला होता. ती दुरुस्त होण्यातली नव्हती, आणि चिठ्ठी असेपर्यंत टाकीत तेल भरायला त्याला परवानगी नव्हती. त्याने ल्युसिएनची माफी मागितली. तिने त्याला वाटाण्याचं सूप दिलं.

ल्युसिएन तेबेर्ज माझी शेजारीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, छातीने अधू. कापडगिरणीत जन्म गेला. धाकटा भाऊ रोझेर बायको वारल्यावर तिच्याकडेच राहायला आला होता. मी आमच्या गावच्या वाचनालयात नोकरी केली, म्हणून सरकारी कागद मला कळतात असा दोघांचा समज. मला ते पुरते कळतात की नाही, याची मला आजही खात्री नाही.

यंदा अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्याची एक योजना होती. घरातलं उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल, तर जुनी भट्टी काढून घर तापवणारा विजेवरचा हीट पंप फुकट बसवून मिळायचा. मर्यादेच्या वर गेलं, तर निम्मा खर्च आपला. त्या निम्म्यातही एखादी जुनी गाडी आली असती. ल्युसिएनचं एकटीचं निवृत्तिवेतन मर्यादेच्या बरंच खाली होतं. पण योजनेत माणूस मोजत नव्हते, घर मोजत होते. एका छपराखाली राहणाऱ्या सगळ्यांची कमाई एकत्र धरायची. रोझेरचं सरकारी निवृत्तिवेतन आणि त्यावर कागद कारखान्याची पेन्शन धरली, की दोघं मर्यादेच्या जराशीच वर जात होती.

"किती वर?" रोझेरने विचारलं.

मी आकडा सांगितला.

"म्हणजे माझी तंबाखू आणि हिची चर्चमधली लॉटरी."

"माझ्या लॉटरीला नावं ठेवू नकोस," ल्युसिएन म्हणाली. "मागच्या ईस्टरला डुकराची अख्खी तंगडी जिंकून आणली होती. खाल्ली कोणी?"

रोझेर हसला नाही. म्हणाला, "मग मी जातो. भाच्याची तळ्याकाठची खोली रिकामीच आहे."

"ती उन्हाळ्यातली खोली आहे, मूर्खा. भिंतीतून उजेड दिसतो."

"चूल आहे ना. अगं लुलू, तसाही हिवाळाभर मी तळ्यावरच असतो."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तो खरोखरच तिथे राहणार असेल तर खोटं असं काही नाही, असं मी म्हणालो. तो दोन पिशव्या घेऊन गेला. अर्जात मी घरात एकच माणूस असं लिहिलं. ल्युसिएन स्वयंपाकघरात पेटत्या ओव्हनचं दार उघडं ठेवून बसू लागली. बाकीच्या खोल्या तिने बंद केल्या.

तपासनीस जानेवारीत आला. वेंडेल नावाचा, पन्नाशीचा, बुटांवरचा बर्फ दाराबाहेर नीट झटकणारा माणूस. त्याने भट्टी पाहिली, लाल चिठ्ठी पाहिली, वरच्या खोल्यांत हात लावून भिंतींचा गारठा पाहिला. "आजी, हे तर तातडीचं काम आहे," असं तो म्हणाला, तेव्हा ल्युसिएनने माझा हात दाबला. मलाही वाटलं, झालं.

नेमका रोझेर अंगणात होता. यंदा तळं उशिरा गोठलं होतं, आणि तो आपली मासेमारीची खोपी बर्फावर ओढून न्यायला आला होता. प्लायवुडची, चार हात लांब-रुंद, खाली लाकडी धावा, आत पत्र्याची लहान चूल आणि खालच्या बर्फातून गळ सोडायला जमिनीला झाकण असलेलं भोक. त्याने ती दर डिसेंबरसारखी रंगवली होती. हिरव्यावर पिवळी अक्षरं.

वेंडेल गाडीकडे जाता जाता थांबला. तोही मासे धरणारा निघाला.

"सुरेख ठेवलीय. खरी चूल?"

"माझ्या बापाची," रोझेर म्हणाला. "आत नुसत्या सदऱ्यावर बसता येतं."

वेंडेल खोपीभोवती फिरला आणि दाराच्या बाजूला उभा राहिला. बर्फावरच्या प्रत्येक खोपीवर मालकाचं नाव आणि पत्ता मोठ्या अक्षरांत लिहावा लागतो. नाहीतर मासेमारीवर लक्ष ठेवणारा सरकारी वॉर्डन दंड करतो. तिथे लिहिलं होतं, रोझेर तेबेर्ज, बारा, कालवा गल्ली. आम्ही उभे होतो तो पत्ता.

"रंग ताजा दिसतो," वेंडेल हळू आवाजात म्हणाला.

रोझेर बुटाने धावांवरचा बर्फ झाडत राहिला.

"जुना पत्ता चुकून राहिला असेल, नाही?" त्याने रोझेरकडे पाहिलं. माणूस भला होता. वाट मोकळी करून देत होता. फक्त हो म्हणायचं होतं. मी मनात म्हणत होतो, रोझेर, हो म्हण. मोठ्याने बोलायला मला जमलं नाही.

"चुकून?" रोझेरचा चेहरा लाल झाला. "साठ वर्षं या तळ्यावर बसतोय मी. खोपीवर कधी खोटा पत्ता घातला नाही. वॉर्डनला विचारा! घर हेच आहे माझं. दुसरं कुठलं असणार?"

ल्युसिएनने डोळे मिटले.

वेंडेल बराच वेळ हातमोजे नीट करत राहिला. "मी फसवणूक वगैरे काही लिहीत नाही," तो म्हणाला. "घरात दोघं राहतात, एवढंच लिहितो. निम्मी मदत अजूनही मिळेल." मग त्याने ल्युसिएनला टोपी काढून नमस्कार केला.

तो गेल्यावर ती भावाला म्हणाली, "आता पिशव्या घेऊन ये. तिथे मरू नकोस." त्यापलीकडे तिने कधी एक शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं, असं रोझेर मला म्हणाला.

निम्म्या खर्चाचे पैसे कुठून येणार? बँकेने त्यांचं वय पाहून नम्रपणे नकार दिला. फेब्रुवारीत वरच्या मजल्यावरचा नळ गोठून फुटला, मग पाणीच बंद करावं लागलं. माझ्याकडे या, असं मी सांगून पाहिलं. माझी एकच खोली आणि पुस्तकं. ल्युसिएन म्हणाली, "नॉर्मंड, तुझ्याकडे तर तुलाच बसायला जागा नाही." मी जास्त आग्रह करायला हवा होता की काय, कोण जाणे. तिचा खोकला वाढत चालला होता.

मग रोझेर रोज सकाळी तिला घोंगड्यांत गुंडाळून, घसरगाडीवर बसवून तळ्यावर नेऊ लागला. कधी मीही जातो. खोपीत चूल पेटलेली असते. ल्युसिएन आधी टोपी काढते, मग कोट, मग वरचा स्वेटर, आणि बाकावर नुसत्या झग्यावर बसते. तिथे ती कमी खोकते.

काल मी विचारलं, "खोप्या कधी काढतात?"

"मार्चअखेर. वॉर्डन सगळ्यांना उठवतो."

"आणि मग? थंडी तर पुढेही महिनाभर असते."

रोझेरने भोकात सोडलेली दोरी जराशी वर ओढून पाहिली. मासा नव्हता.

ऊन उतरल्यावर त्याने चूल विझवली. ल्युसिएन कोटाची बटणं लावत होती. एक लावायची आणि थांबायची. तो दाराशी उभा होता, पण तिला घाई कर म्हणाला नाही. भोकातल्या पाण्यावर साय धरावी तसा पातळ बर्फ धरत होता.