नकाशातलं जास्तीचं बेट

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने वाचनालयाच्या काउंटरवर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शेजारी शेजारी उघडून ठेवल्या आणि विचारलं, "मॅडम, यातलं एक बेट कुठे गेलं?"

एक प्रत वाचनालयाची होती, चाळीस वर्षांपूर्वीची. दुसरी त्याने शनिवारी मुलीसाठी विकत आणलेली. दोन्हींच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत समुद्राचा तोच नकाशा होता. नव्या प्रतीत दीपगृह, खडकांची रांग आणि सहा बेटं. वाचनालयाच्या प्रतीत सात.

"नव्या छपाईत राहून गेलं असेल," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी! पण पोरगी ऐकते का? महिनाभर तिला सांगत होतो, ईशान्येला एक बेट आहे, बिननावाचं, तिथे कुणीच गेलेलं नाही. आता ती म्हणते, बाबा, तुम्ही बेटाच्यासुद्धा थापा मारता. चार दिवस झाले, माझ्याशी धड बोलत नाही." त्याने जुन्या प्रतीवर बोट ठेवलं. "हे घरी नेतो. तिच्या डोळ्यासमोर धरतो. अकरा वर्षांचा होतो तेव्हा अख्खी सुट्टी या बेटावर काढलीय मी."

ग्रंथपालबाईंनी खणातून भिंग काढलं. त्यांना येऊन आठच महिने झाले होते आणि कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय त्या सही करत नसत. भिंगातून त्यांना दिसलं ते असं: नव्या नकाशाची रेघ छापाची होती, बारीक ठिपक्यांची. जुन्या प्रतीतला नकाशा छापलेलाच नव्हता. दीपगृह, खडक, लाटा, सातही बेटं, सगळं कुणीतरी शाईने हाताने काढलेलं होतं.

"हे पुस्तक आत्ता देता येणार नाही," असं म्हणून त्या पुस्तक घेऊन तळमजल्यावरच्या दुरुस्तीच्या खोलीत गेल्या.

दुरुस्तीच्या खोलीत तीस वर्षं एकच बाई काम करत होत्या. पुस्तकांना टाके घालतात म्हणून सगळे त्यांना टाकेबाई म्हणत. हजेरीपटावर वेगळं नाव होतं, पण पगाराच्या दिवशी ते पुकारलं तर खुद्द त्यांनाच ओ द्यायला उशीर व्हायचा. खोलीत एक लांब टेबल, दाब द्यायचा लोखंडी शिकंजा, दोऱ्याची रिळं आणि खळीची वाटी. त्या जुजबंदी करत होत्या, म्हणजे सुटी झालेली पानं घडीघडीने शिवत होत्या.

"हा नकाशा कुणी काढला?"

टाकेबाईंनी सुई थांबवली. "मी."

"केव्हा?"

"सव्वीस वर्षं झाली. कुणाच्या तरी कुत्र्याने मागचा पुठ्ठा चघळला होता. नकाशा अर्धाच उरला होता. शेजारच्या शाळेतून दुसरी प्रत आणली, पातळ कागदावर उतरवून घेतला आणि पुन्हा काढला."

"त्या प्रतीत हे बेट होतं?"

"नाही."

"मग?"

"पेन गळलं," टाकेबाई म्हणाल्या. "अंगठ्याएवढा डाग पडला, भर समुद्रात. तसला जाड कागद एकच उरला होता आणि बाकी सगळं काढून झालं होतं. मग डागाला किनारा काढला. दोन डोंगर काढले, एक खाडी काढली."

"आणि कुणाला सांगितलं नाही."

"कुणी विचारलं नाही, मॅडम."

ग्रंथपालबाई रागावल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. "कळलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. आता कळलंय. छापील पुस्तकात आपल्या मनाचं घालायचं नाही, हे मी तुम्हाला शिकवायचं का? उद्या कुणी गोष्टीचा शेवटच बदलेल." त्यांनी दोन पर्याय दिले. एक, नव्या प्रतीतल्या नकाशाची छायाप्रत काढून ती या नकाशावर चिकटवायची. दोन, सदोष प्रत म्हणून पुस्तक बाद करायच्या यादीत टाकायचं. यादी शुक्रवारी दुपारी बारा वाजता जाणार होती. यादीतली पुस्तकं लगद्याच्या कारखान्यात जात.

"शुक्रवारी," टाकेबाई म्हणाल्या आणि सुई पुन्हा घडीत घातली.

हे पुस्तक ज्या मालिकेतलं, तिची एकूण पाच पुस्तकं. दोन बहिणी, त्यांचा चुलतभाऊ आणि एक म्हातारी बकरी सुट्टीभर शिडाच्या होडीतून फिरतात, एवढीच गोष्ट. मोठी माणसं पहिल्या प्रकरणात धक्क्यावरून हात हलवतात, ती शेवटच्या प्रकरणात भेटतात. मधल्या दोनशे पानांत वारा, धुकं, भरती, ओहोटी आणि बकरीचं खाणं. वाचनालयात त्यानंतर चित्रांची पुस्तकं आली, बोलणारी पुस्तकं आली, संगणकाची खोली झाली. बालविभागातली त्या काळातली बाकीची पुस्तकं एकेक करून वरच्या फळ्यांवर गेली. ही पाच खालच्या फळीवरच राहिली, कारण वाचणाऱ्यांचे हात तिथवरच पोचत. तिसरं पुस्तक, नकाशाचं, दोन दिवस सलग फळीवर क्वचितच टिकायचं.

टाकेबाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. मालिका वाचायला लागल्या त्या एका गाठीमुळे. पहिलं पुस्तक शिवताना एक पान उघडं पडलं. त्यावर धाकटी बहीण दोन दोर जोडत होती आणि गाठ कशी घालायची ते पायरीपायरीने लिहिलेलं होतं. टाकेबाईंनी दोन दोऱ्यांवर ती घालून पाहिली. ती त्यांच्या रोजच्या हातातलीच गाठ निघाली, शिवताना दोरा संपला की नवा जोडायची. ओढली, सरकली नाही. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

बेटाला त्यांनी नाव दिलं नव्हतं. ते मुलांनी दिलं, पेन्सिलने, दर वर्षी नवं. दुरुस्तीला पुस्तक आलं की पेन्सिलच्या खुणा खोडणं हे टाकेबाईंचं काम. 'आईला सांगू नको बेट' त्यांनी खोडलं. 'गणित नाही बेट' खोडलं. एकाने बारीक अक्षरात 'इथे मी पहिला' असं लिहिलं होतं, आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'गप रे'. तेही खोडलं.

बुधवारी संध्याकाळी टाकेबाईंच्या धाकट्या बहिणीने, जिच्याबरोबर त्या राहत, चहा पुढे करत विचारलं, "ताई, आज चेहरा का असा? कुणी काही बोललं?"

टाकेबाईंनी सांगितलं.

"एवढंच होय! चिकटव की मग. सरकारी कागद, सरकारी खळ. तुझ्या बापाचं काय जातं?"

"माझा बाप तोच तुझा बाप."

"म्हणून तर म्हणते." बहीण समोर बसली. "अगं, डाग पडला होता ना? चूक ती चूक. तूच म्हणतेस, वाकडा टाका दिसला की उसवायचा."

"उसवते की मी," टाकेबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी दिसला तर. सव्वीस वर्षांनी उसवला तर पानं सुटतात."

"मग जाऊ दे रद्दीत."

"ते नको."

"हेही नको, तेही नको. मग हवंय काय तुला?"

टाकेबाईंनी चहा संपवला आणि कप विसळून ठेवला.

गुरुवारी सव्वा तीन वाजता लिफ्टवाला थेट दुरुस्तीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. वरच्या मजल्यावर त्याला बातमी लागली होती.

"टाकेबाई, आधी माझं तोंड शिवा," तो म्हणाला. "जाड दोरा घ्या."

"बसा. चप्पल काढा, कागद पडलेत खाली."

त्याने चप्पल काढली. "खरंच डाग होता?"

"हो."

त्याने टेबलावरचं पुस्तक मागून उघडलं. "म्हणजे पोरगी खरं बोलत होती. थाप होती ती."

"तुम्ही मारलेली नाही."

"तिला काय सांगू आता? पेन गळलं म्हणून?" तो हसला, पण लगेच थांबला. "लहानपणी आमच्या घरी दिवसभर नुसती बोलणी. हे असं कर, ते तसं करू नको. या पुस्तकातल्या पोरांना कुणी सांगतच नाही काही."

"शाबासकीपण देत नाही कुणी," टाकेबाई म्हणाल्या. "गाठ सुटली तर होडी वाहून जाते. बसली तर राहते. तेवढंच."

"उद्या चिकटवणार?"

"काम आलंय ते करायचं."

त्याने चप्पल घातली. जाताना मुलीच्या नावाचं कार्ड काउंटरवर देऊन गेला. पुस्तक रद्दीतून वाचलं तर पहिलं तिला द्या, असं सांगून.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला टाकेबाईंनी छायाप्रत मापाने कापली. अकरा वाजता नवा नकाशा जुन्यावर बसलेला होता, चारही कडा सरळ, सुरकुती एकही नाही. सहा बेटं. पुस्तक अर्धा तास शिकंज्यात राहिलं. पावणेबारा वाजता ग्रंथपालबाईंनी पानावरून बोट फिरवलं, "छान झालंय," म्हणाल्या आणि यादीतला एक क्रमांक कापला.

खिडकीत पांढऱ्या डिंकाची नवी बाटली होती, तिचं झाकण उघडलेलं नव्हतं. कागद ओल्या बोटाने सुटणाऱ्या खळीने चिकटवला होता, आणि खळ फक्त कडेने लावली होती, बोटाच्या पेराएवढी रुंद. मोठ्या कागदाला मधोमध खळ लावली की तो फुगतो, असं टाकेबाईंनी बहिणीला नंतर सांगितलं. त्याच आठवड्यात त्यांनी भूगोलाचे दोन नकाशे चिकटवले होते, त्याहून मोठे. त्यांना खळ पूर्ण लावलेली होती.

पुस्तक शनिवारी लिफ्टवाल्याच्या मुलीच्या नावावर गेलं. बाराव्या दिवशी तिने ते स्वतः आणून दिलं. वडील रस्त्यापलीकडे सायकल धरून उभे होते.

काउंटरचा कारकून त्या दिवशी रजेवर होता. ग्रंथपालबाई स्वतः बसल्या होत्या. परत आलेलं पुस्तक दोन्ही पुठ्ठे उघडून तपासायचं, काही सुटलं-फाटलं असेल तर लाल चिठ्ठी लावून तळमजल्यावर पाठवायचं, हा नियम त्यांनीच पुन्हा सुरू केला होता. त्यांनी पुढचा पुठ्ठा उघडला. मग मागचा. नकाशाचा वरचा उजवा कोपरा सुटला होता. फाटला नव्हता. साधारण नखाएवढा वर आला होता, आणि त्याखाली हाताने काढलेल्या किनाऱ्याची रेघ दिसत होती.

"आवडलं का?" त्यांनी विचारलं.

"हो," मुलगी म्हणाली. "बाबांशी बोलते मी आता."

ग्रंथपालबाईंनी पुस्तक मिटलं. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी ते सहावीतल्या एका मुलाच्या नावावर गेलं. लाल चिठ्ठीची नोंद नाही. परत यायची तारीख येत्या सोमवारची आहे.