गरम माप

पहाटेपासून गोदामात पोती उचलून काका दुपारी कॉलेजच्या लेथ मशीनवर उभे राहिले, तेव्हा पायांत गोळे आले होते. काका हे नाव वर्गातल्या पोरांनीच पाडलेलं. आज परीक्षेत कातलेला लोखंडी दांडा मापात उतरला तरच ते पास होणार होते. शेवटचा कट मारला आणि लगेच दांडा मोजला. बरोब्बर! पण थोड्या वेळाने सरांनी मोजला, तर केसभर बारीक.

"काका, गरमच मोजलात ना? थंड झाला की आकसतो, कितीदा सांगितलं!"

"माहीत होतं हो सर. पण थांबलो असतो तर उभ्याउभ्या झोप लागली असती."

सर हसले नाहीत. "पुढच्या महिन्यात परत परीक्षा आहे. याल?"

"येतो की. फक्त एक स्टूल द्या."

"लेथवर बसायचं नसतं, काका."

"लेथवर नाही हो. दांडा थंड होईपर्यंत."